दुसरी चावी

त्या महिन्यात बडोद्यातले सगळेच कॅनडाला निघाले होते.
निदान ज्यांच्या स्कूटरी विकायच्या होत्या ते तरी.
व्हिसा आलाय, बेन, रविवारी फ्लाइट,
म्हणून एवढी स्वस्त. नाहीतर कोण देतं?

मी पहाटे साडेपाचपासून घरोघरी रक्त गोळा करते.
उपाशीपोटी बसलेल्यांना वाट बघायला आवडत नाही,
आणि माझी जुनी गाडी लालबाग पुलाच्या चढावर
दोनदा बंद पडली होती,
बर्फाच्या डब्यात सोळा नळ्या असताना.

पहिला म्हणाला, पाण्याच्या टाकीपाशी या.
टाकीपाशी गेले तर म्हणाला, वाघोडिया चौकडी.
चौकडीवर पोचले, तर त्याच्या फोनवर
त्याच्याऐवजी कंपनीची बाई बोलू लागली,
फार गोड आवाजात.

दुसऱ्याने फोटो टाकले होते नऊ.
नऊही उजव्या बाजूने.
डावी बाजू मी मकरपुऱ्यात जाऊन पाहिली.

तिसरा फौजी होता. टोपीसकट फोटो.
गाडी विमानतळाच्या गोदामात आहे,
दोन हजार टाका, पार्सल सुटेल.
टाकले.
हे घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

चौथ्याच्या मीटरवर अकरा हजार किलोमीटर,
आणि सीटखाली, फडक्यात गुंडाळलेली
सर्व्हिसची पावती: एकसष्ट हजार, मागल्या दिवाळीची.
मी ती त्याला वाचून दाखवली.
म्हणाला, बेन, ए तो बीजी गाडीनी हशे.
पावतीवर नंबर ह्याच गाडीचा होता.
आम्ही दोघांनी थोडा वेळ तो नंबर बघितला.

खरं तर मला सवय आहे.
लोक दंड पुढे करतात आणि सांगतात,
साखर? सहा महिने शिवलो नाही.
मी मान हलवते, शीर शोधते.
नळीला कुणी समजावू शकत नाही.
पण गाडीची शीर कुठे असते?

म्हणून पाचव्याकडे इद्रिसला घेऊन गेले.
इद्रिस मेकॅनिक; बोलत नाही, टायरवर नख मारतो.
मांजलपूर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
तीर्थेश नावाचा मुलगा. कॅनडा.
मी हसले. मुद्दाम, जरा मोठ्यानेच.

पासपोर्ट दाखव म्हटलं. दाखवला.
विम्याचा कागद उजेडात धरला.
खाली जाऊन चेसिसचा नंबर
ओल्या बोटाने पुसून वाचला.
त्याची आई स्कूटर पुसत होती, पुसलेलीच.
इद्रिसने डोळ्यांनी होकार दिला,
तरी मी एक धागा धरून ठेवला:
दुसरी चावी?
हरवली, आंटी. घरातच असेल कुठेतरी.
अशाच हरवतात, मी म्हटलं. पाचशे कमी.
तो आईकडे बघून काही बोलणार होता. बोलला नाही.

गाडी चांगली निघाली.
इतकी चांगली, की मला राग यायचा.
डिसेंबरच्या पहाटे, एका बटणात.
पुलाच्या चढावर मी कान देऊन चालवायचे,
आता काहीतरी वाजेल, आता.
काही वाजायचं नाही.

मार्चमध्ये यादीत नाव आलं:
रंजनबेन, मांजलपूर, तिसरा मजला.
खाली स्कूटर लावली, हॉर्न नाही, काही नाही,
वर बघते तर त्या गॅलरीत.
जिने चढून गेले तर दार उघडं.
स्टँडचा आवाज, म्हणाल्या.
तो पण असाच आपटायचा.

त्यांनी दंड पुढे केला. मी गोड खातच नाही, म्हणाल्या.
शीर लगेच सापडली.
मग कापूस दाबून धरत त्या आत गेल्या
आणि देवीच्या फोटोमागून चावी घेऊन आल्या,
एका कडेला कुंकू लागलेली.
एना कोटमां हती.
कोट इथेच राहिला, तिथे पुरत नाही म्हणे,
तिथली थंडी वेगळी.

मी पर्समध्ये पाचशेची नोट शोधत राहिले.
त्या म्हणाल्या, आधी नळीवर नाव लिहा,
विसराल.